स्वयंपाकघरातले चेहऱ्याचे लेप: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोव्यातल्या फोंडा आणि आजूबाजूच्या गावांतल्या महिला मंडळांत मी उटण्यांचे आणि लेपांचे वर्ग घेते. वर्ग आटोपून घरी पोचेपर्यंत मोबाइलवर प्रश्न येऊन पडलेले असतात, आणि त्यातले निम्मे तेच तेच असतात. ते एकदा नीट लिहून ठेवते आहे. मी डॉक्टर नाही. जिथे डॉक्टरांचं काम सुरू होतं, तिथे तसं लिहिलं आहे. एका उत्तरातली गोष्ट दुसऱ्यात लागली तर पुन्हा न सांगता प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

1. लेपानं नेमकं होतं काय? चेहरा गोरा होतो का?

लेप तीन कामं करतो. बेसन, मुलतानी माती, तांदळाचं पीठ वरवरचं तेल आणि मळ शोषून घेतात. दह्याताकातलं लॅक्टिक आम्ल वरच्या मृत पेशी थोड्या सैल करतं. मध, साय, कोरफड, ओट्स त्वचेतला ओलावा टिकवतात. हे सगळं त्वचेच्या अगदी वरच्या थरात घडतं आणि तो थर वहीच्या कागदाहूनही पातळ असतो. म्हणून धुतल्यावर चेहरा मऊ लागतो, ताजा दिसतो, आणि एक-दोन दिवसांत पूर्वीसारखा होतो.

गोरा होत नाही. रंग मेलॅनिनमुळे असतो, ते खालच्या थरात तयार होतं, आणि बेसन तिथवर पोचत नाही. मळ आणि मृत पेशी निघाल्यावर जो उजळपणा दिसतो, तो तुमचा स्वतःचाच रंग असतो. दर वर्गात एखादी आई मुलीला पुढे करून म्हणते, "हिला काहीतरी उजळेल असं सांगा." मुलगी मान खाली घालते. मला ते बघवत नाही. त्या मुलीच्या रंगात दुरुस्त करण्यासारखं काहीही नसतं, आणि हे मी त्या आईला तिथेच, सगळ्यांसमोर सांगते.

2. पहिल्यांदाच करणार आहे. सगळ्यात सोपा लेप कुठला?

चहाच्या चमच्यानं दोन चमचे बेसन, दीड चमचा ताजं दही, लागेल तसं उकळून गार केलेलं पाणी. घावनाच्या पिठाहून जरा घट्ट झालं पाहिजे. बेसन वस्त्रगाळ हवं. गिरणीतून आणलेलं जाडसर असतं, ते जुन्या मलमलीच्या तुकड्यातून चाळा. दही आदल्या रात्री लावलेलं, गोडसर. तीन दिवसांचं आंबट दही कढीत घाला, चेहऱ्याला लावू नका.

चेहरा साध्या पाण्यानं धुवा आणि ओलसर असतानाच बोटांनी पातळ थर लावा. डोळ्यांभोवतीची जागा आणि ओठ सोडा. दहा मिनिटांनी कडेचा रंग फिका पडायला लागतो, गालावर मात्र अजून ओल असते. हीच धुवायची वेळ. आधी ओल्या हातांनी थोपटून लेप भिजवा, अर्धा मिनिट थांबा, मग धुवा. घासू नका. पंचानं टिपून लगेच तुमचं नेहमीचं मॉइश्चरायझर लावा. लेप चेहऱ्यावर जाण्याआधी मात्र प्रश्न 5 वाचा.

3. माझी त्वचा तेलकट की कोरडी, कसं ओळखू? मला तर सारखंच चिकट वाटतं.

गोव्यात हा गोंधळ सगळ्यांचाच होतो, कारण घाम आणि तेल आपण एकच धरतो. मे महिन्यात कोरड्या त्वचेची बाईही दुपारी चमकत असते, पण तो घाम असतो. सकाळी चेहरा सौम्य साबणानं धुवा, काही न लावता पंख्याखाली तासभर बसा आणि पातळ कागदी रुमाल कपाळावर, नाकावर, गालांवर दाबा. सगळीकडे तेलाचे डाग पडले तर त्वचा तेलकट. फक्त कपाळ-नाकाला पडले तर मिश्र, आणि आपल्याकडे बहुतेकांची तशीच असते. डाग नाहीत, उलट गाल ओढल्यासारखे वाटतात, तर कोरडी. डिसेंबरात पुन्हा बघा, उत्तर बदललेलं असू शकतं.

4. मग कोणत्या त्वचेला काय?

तेलकट असेल तर मुलतानी माती गुलाबपाण्यात किंवा साध्या पाण्यात, किंवा प्रश्न 2 मधला बेसन-दह्याचा लेप. कोरडी असेल तर ओट्स. चमचाभर ओट्स मिक्सरमध्ये पिठासारखे बारीक करून कोमट दुधात दहा मिनिटं भिजवा, हवं तर अर्धा चमचा मध घाला. ओट्सचं नाव मी मुद्दाम घेते. स्वयंपाकघरातल्या पदार्थांपैकी खाजऱ्या, कोरड्या त्वचेवर ज्याचा नीट अभ्यास झाला आहे असा हा एक आहे. अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेनं 2003 मध्ये बारीक दळलेल्या ओट्सना त्वचेचं रक्षण करणारा घटक म्हणून मान्यता दिली. दिसायला गुळगुळीत खिरीसारखा, कसलाही रंग नाही, म्हणून वर्गात कोणी त्याच्याकडे बघत नाही. माझ्या घरी मात्र सगळ्यात जास्त तोच लागतो.

मिश्र त्वचेला दोन वाट्या करा. कपाळ-नाकाला बेसन, गालांना ओट्स. चटकन लाल होणाऱ्या नाजूक त्वचेला फक्त ओट्स आणि पाणी. त्यात काही घालू नका.

5. तुम्ही सारखं "आधी कोपराजवळ लावून बघा" सांगता. घरच्या, नैसर्गिक वस्तूंनाही ते करायचं?

हो. बिब्बाही नैसर्गिकच आहे.

तयार लेपाचा रुपयाएवढा ठिपका कोपराच्या आतल्या बाजूला लावा, दहा मिनिटांनी धुवा, आणि दोन दिवस त्या जागेकडे लक्ष ठेवा. बऱ्याच जणी पाच मिनिटं बघतात आणि "काही झालं नाही" म्हणून मोकळ्या होतात. जळजळ लगेच कळते, पण ॲलर्जी उशिरा उमटते, कधी 24 तासांनी, कधी 48 तासांनी. दोन दिवसांनी जागा साफ असेल तर दुसरा ठिपका कानाच्या मागे, जबड्याच्या टोकाशी लावा, कारण चेहऱ्याची कातडी हाताहून नाजूक असते. नवीन पदार्थ एका वेळी एकच घाला. पाच वस्तू एकत्र लावून पुरळ उठलं तर दोषी कोण, हे कधीच कळणार नाही.

जो पदार्थ खाल्ल्यावर ओठ सुजतात किंवा अंगावर गांध्या उठतात, तो चेहऱ्याला लावूच नका, चाचणीपुरताही नको.

6. किती वेळ ठेवायचा, किती वेळा लावायचा? मुलतानी माती पूर्ण वाळू द्यायची ना?

दहा ते बारा मिनिटं, आठवड्यातून एकदा. तेलकट त्वचेला फार तर दोनदा. मुलतानी माती कडकडीत वाळून भेगा पडेपर्यंत ठेवू नका. हसता येत नाही इतका चेहरा ताठला म्हणजे "काम करतेय" असं समजतात, पण तेव्हा ती त्वचेतलं पाणी ओढत असते. वाळायला लागली तर पाण्याचा हात फिरवा.

7. लिंबू का नको म्हणता? डाग जातात असं सगळीकडे सांगतात.

या एका प्रश्नाचं उत्तर मी कितीही वेळा द्यायला तयार आहे.

लिंबाच्या रसाचा सामू (पीएच, आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त) दोन-अडीचच्या आसपास असतो, निरोगी त्वचेचा साधारण पाच. हा फरक प्रचंड आहे. पण खरा धोका उन्हाचा. लिंबाच्या सालीत आणि रसात अशी द्रव्यं असतात की ती त्वचेवर असताना ऊन पडलं तर भाजल्यासारखी जखम होते. लगेच काही दिसत नाही. एक-दोन दिवसांनी लाली येते, कधी फोड, आणि मग तपकिरी डाग, जो महिनोन्‌महिने राहतो.

मी हे स्वतःच्या मानेवर पाहिलंय. लग्नाआधीची गोष्ट. मे महिना, लिंबू-मधाचा लेप लावला, घाईत धुतला आणि दुपारी स्कूटरवरून म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजाराला गेले. तिसऱ्या दिवशी हनुवटीखालून मानेवर उतरलेली तपकिरी रेघ दिसली, लेपाचा थेंब ओघळला होता तश्शीच, टोकाला जाड. ती दिवाळीपर्यंत होती. डाग घालवायला लावलेल्या लिंबानं डाग दिला.

संत्र्याची, मोसंबीची, ईडलिंबाची ताजी साल आणि रसही याच कारणानं नको. लिंबू जेवणात घ्या.

8. हळद कुठली आणि किती? पिवळेपणा जात नाही त्याचं काय?

चिमूटभर, म्हणजे खरंच दोन बोटांत मावेल तेवढी, दोन चमचे पिठाला. जास्त घातली म्हणून जास्त गुण येत नाही, फक्त रंग चढतो. परसात पातोळ्यांच्या पानांसाठी लावलेली हळद असेल तर तिचा कंद उकडून, वाळवून, दळून वापरा. विकतची सुटी पूड घेताना जपा. हळदीत रंगाची आणि शिसं असलेल्या क्रोमेटची भेसळ होते हे अनेकदा सापडलेलं आहे. ग्लासभर पाण्यात चमचाभर हळद टाकून न हलवता ठेवा. चांगली हळद तळाशी बसते आणि पाणी फिकट पिवळं राहतं. पाणी गडद पिवळं झालं तर ती चेहऱ्यालाही नको आणि आमटीतही नको. कस्तुरी हळद म्हणून जी मिळते तिला कापरासारखा वास असतो आणि ती कमी रंगते, पण त्या नावाखाली बाजारात काहीही विकतात. गाठ ओळखता येत असेल तरच घ्या.

पिवळेपणा पाण्यानं जात नाही, कारण हळदीचा रंग तेलात विरघळतो. कापसावर तेलाचे दोन थेंब घेऊन पुसा, मग बेसनानं धुवा. पंचाला लागलेला डाग उन्हात टाकला की उडतो. हळदीनं कोणाकोणाला ॲलर्जी होते, तेव्हा प्रश्न 5 इथेही लागू.

9. आमच्या घरी सगळ्याला खोबरेल. चेहऱ्याला चालेल ना?

अंगाला, केसांना, टाचांना खुशाल लावा. चेहऱ्याचं मात्र ज्याच्या त्याच्यावर आहे. खोबरेलानं काहींची रोमरंध्रं बुजतात, आणि ज्यांना मुरमं येतात त्यांची वाढतात. कोरड्या त्वचेच्या बाईनं चार थेंब ओट्सच्या लेपात घातले तर छान. खोबरेल साधारण 24 अंशांखाली थिजतं. आपल्याकडे ते फक्त डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे होतं आणि तेच दिवस चेहऱ्याला तेल मानवण्याचे असतात. बाटलीतलं तेल पांढरं दिसलं की लावा, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

नारळाचा रस, म्हणजे पहिला दाट रस, तेलापेक्षा हलका पडतो. चमचाभर रसात तांदळाचं बारीक पीठ कालवून दिवाळीच्या पहाटे आम्ही अंगाला लावायचो. रस काढल्यावर तासाभरात वापरा. गोव्याच्या उकाड्यात तो बघता बघता आंबतो, आणि आंबलेला चेहऱ्याला नको.

10. आजीनं दिलेला भिरंडेलाचा गोळा आहे. तो चेहऱ्याला चालतो का?

नशीबवान आहात. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: सोलं घालताना भिरंडांच्या, म्हणजे कोकमांच्या, बिया बाजूला काढतात, वाळवून फोडतात, आतला गर कुटून पाण्यात उकळतात. वर तवंग येतो. तो गार झाला की मुठीत दाबून अंड्याएवढे गोळे वळतात. फिकट, मेणासारखा घट्ट गोळा, वास जवळजवळ नाही. खोलीत कडक असतो आणि अंगाच्या उबेला मऊ होतो.

लेपात तो मिसळत नाही, गुठळी होते. लेप धुतल्यानंतर गोळा तळहातावर चारदा फिरवा, हात एकमेकांवर चोळा आणि जेवढं लागलं असेल तेवढंच कोरड्या गालांवर दाबा. खोबरेलापेक्षा हे रोमरंध्रं कमी बुजवतं. फुटलेल्या ओठांना आणि टाचांना तर याच्या तोडीचं मला काही सापडलेलं नाही. पुरुमेंताच्या, म्हणजे पावसाळ्याची बेगमी करण्याच्या, दिवसांत बाजारात गोळे मिळतात, तेव्हा दोन जास्त घेऊन ठेवा. जुना गोळा खवट वास मारत असेल तर टाका, आजीचा असला तरी.

11. पेजेची निवळ लावली तर?

लावा. उकड्या तांदळाच्या पेजेवरचं पाणी मीठ घालण्याआधी काढून घ्या, पूर्ण गार करा, कापसानं चेहऱ्याला लावा, दहा मिनिटांनी धुवा. त्यातल्या पिठूळपणाचा पातळ पडदा बसतो आणि खाजरी, तापलेली त्वचा निवते. बेसन भिजवायलाही हेच पाणी वापरता येतं. कालची, आंबलेली निवळ नको.

12. काकडी, टोमॅटो, बटाटा, पपई, कोरफड: यातलं खरंच काय उपयोगी?

काकडी, म्हणजे आपली तवशी, बहुतेक पाणीच असते. गार करून ठेवली की बरं वाटतं, सूज थोडी उतरते. तेवढंच तिचं काम. बटाट्यानं काळी वर्तुळं जातात असं मी कधी पाहिलं नाही. टोमॅटो आम्लयुक्त आहे, नाजूक त्वचेला झोंबतो.

पिकलेल्या पपईत मृत पेशी सैल करणारं पपेन थोडंसंच उरलेलं असतं. चमचाभर गर, पाच मिनिटं, बस. कच्च्या पपईला हात लावू नका, तिचा पांढरा चीक कातडी सोलवटतो. रबरी हातमोज्यांनी किंवा फुग्यांनी ज्यांना खाज येते त्यांना पपई आणि केळंही बाधू शकतं.

कोरफडीचं पान कापल्यावर देठाकडून पिवळा चीक गळतो. पान पंधरा-वीस मिनिटं उभं ठेवून तो पूर्ण निथळू द्या, मग धुवून साल काढा आणि फक्त पारदर्शक गर घ्या. "कोरफडीनं खाज सुटली" म्हणणाऱ्यांनी बहुतेक वेळा पिवळा चीक धुतलेला नसतो.

13. खायचा सोडा, व्हिनेगर, टूथपेस्ट, दालचिनी, अंडं?

एकही नको. सोडा त्वचेचं स्वाभाविक आम्लपण मोडतो. माडाच्या सुरेचं व्हिनेगर मासळीच्या कालवणासाठी आहे, चेहऱ्यावर ते भाजतं. टूथपेस्टनं मुरूम सुकतं आणि भोवतीची कातडीही जळते. दालचिनी फार उग्र, काही मिनिटांत चेहरा लाल. अंड्याचा पांढरा वाळून ताठतो म्हणून त्वचा ओढल्यासारखी वाटते, धुतलं की संपलं. त्यासाठी कच्चं अंडं तोंडाजवळ नेऊन साल्मोनेलाची जोखीम कशाला? साखर आणि मिठाचे खडेही चेहऱ्यावर घासू नका, बारीक ओरखडे पडतात.

14. उरलेला लेप फ्रिजमध्ये ठेवला तर किती दिवस टिकेल? आणि कोरडं मिश्रण?

ओला लेप ठेवूच नका. पाणी किंवा दही पडलं की त्यात जंतू वाढायला सुरुवात होते. विकतच्या डबीत परिरक्षक असतात, आपल्या वाटीत नसतात. एका वेळचाच करा. उरला तर मानेला, हातांना लावून टाका.

कोरडं मिश्रण टिकतं, पण गोव्याचा पावसाळा त्याची परीक्षा घेतो. मी मे महिन्यात, मिरच्या आणि सोलं वाळत घालते तेव्हाच, मुलतानी माती आणि मसूरडाळ दोन कडक उन्हं दाखवते, मग दळून काचेच्या कोरड्या बरणीत भरते. जूनपासून बरणी उघडताना हात आणि चमचा कोरडा. गुठळी झाली, कुबट वास आला किंवा पोरकिडे दिसले तर सगळं टाकायचं. चाळून वापरायचं नाही, बुरशी चाळणीतून जाते.

15. चवथ (गणेश चतुर्थी) आली किंवा घरात लग्न आहे. किती दिवस आधी लावू?

नेहमीचा, अंगवळणी पडलेला लेप असेल तर दोन दिवस आधी. नवा प्रयोग असेल तर किमान तीन आठवडे आधी सुरू करा. आदल्या रात्री काहीही नवीन नको. मुहूर्ताला लाल चेहरा घेऊन बसलेली नवरी मी पाहिलेली आहे. भुवया कोरल्या, वॅक्सिंग किंवा ब्लीच केलं तर पुढचे दोन दिवस लेप नाही, दह्याचा तर मुळीच नाही.

16. समुद्रावर दिवस काढला आणि चेहरा भाजला. कुठला लेप लावू?

कुठलाही नाही. भाजलेल्या कातडीवर बेसन, दही, मुलतानी माती काही नको. गार पाण्याच्या ओल्या पंचाच्या घड्या, भरपूर पाणी पिणं, स्वच्छ निथळलेला कोरफडीचा गर (प्रश्न 12), आणि दोन-चार दिवस ऊन टाळणं. फोड आले किंवा ताप चढला तर डॉक्टर.

शिगम्याच्या रंगांसाठी मात्र आधीच तयारी करा. बाहेर पडण्यापूर्वी चेहऱ्याला तेल किंवा मॉइश्चरायझर लावा. आल्यावर तेलानंच पुसा, मग सौम्य साबण. रंग निघाला नाही म्हणून बेसनानं रगडणं हे रंगापेक्षा वाईट.

17. घरातल्या पुरुषांनी लावला तर चालतो का?

का नाही? त्वचा सारखीच. दाढी केली त्या दिवशी मात्र नको, बारीक चिरा असतात. दाढी राखली असेल तर बेसन केसांत अडकून बसतं, ओट्सचं गाळलेलं पाणी बरं.

18. गरोदरपणात आणि लहान मुलांना?

गरोदरपणात बेसन, ओट्स, दही, मध वरून लावायला हरकत नसते, पण त्या दिवसांत त्वचा जास्त नाजूक होते, तेव्हा प्रश्न 5 पुन्हा पहिल्यापासून. या काळात उमटणाऱ्या वांगाबद्दल प्रश्न 21 पाहा. बाळाला लेप नाही. वर्षाखालच्या मुलाच्या तोंडाशी मध तर अजिबात नाही. त्यातल्या जंतूंच्या बीजाणूंनी तान्ह्या बाळाला बॉट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो, आणि बाळ गालाला लावलेलं चाटतंच. अंगावरची लव जावी म्हणून तान्ह्याला बेसनानं चोळतात, तेही थांबवा. ती लव आपोआप गळते.

19. लावल्यावर जळजळायला लागलं. थोडं सोसायचं का?

नाही. दह्यानं क्षणभर चुणचुणलं आणि थांबलं तर ठीक. अर्धा मिनिट झालं तरी चालूच असेल तर ताबडतोब धुवा, भरपूर गार पाण्यानं, साबण न लावता. त्यावर दुसरा "उतारा" लावू नका. दोन-तीन दिवस फक्त पाणी आणि साधं, वासाविना मॉइश्चरायझर. डोळ्यांत गेलं तर पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली धरा. डोळे-ओठ सुजले किंवा श्वासाला त्रास होऊ लागला तर घरी थांबायचं नाही, लगेच इस्पितळ गाठायचं.

20. पावसात कपाळावर एकसारख्या बारीक पुटकुळ्या आल्यात, खाजतात. मुरमांचा लेप लावते, पण वाढतच आहेत.

त्या मुरमंच असतील असं नाही. सगळ्यांच्या त्वचेवर एक यीस्ट राहत असते, दमट हवेत आणि घामात ती वाढते आणि केसांच्या मुळाशी अशा पुटकुळ्या आणते. सगळ्या एकाच आकाराच्या, खाजणाऱ्या, कपाळ-पाठ-छातीवर. या यीस्टचं खाद्य म्हणजे तेल, त्यामुळे खोबरेल, साय असं काही लावलं की त्या फोफावतात. लेप बंद करा, घामाचे कपडे लगेच बदला, हेल्मेटचं अस्तर धुवा आणि डॉक्टरांना दाखवा. बुरशीवरच्या औषधानं हे बरं होतं.

खरी मुरमं असतील, पूवाची किंवा दुखणाऱ्या गाठींची, तर त्यांच्यावरही लेप थापू नका. खळगे पडण्याआधी उपचार व्हायला हवेत.

21. वांगासाठी काय लावू?

लेपानं वांग जात नाही. तो ऊन, गरोदरपण, संप्रेरकं आणि घराण्यातला कल यांतून येतो, आणि घासल्यानं, झोंबणारं लावल्यानं गडद होतो. वांग असलेल्या चेहऱ्याला ओट्सपलीकडे काही नको. टोपी किंवा छत्री आणि रोजचं किमान एसपीएफ 30 चं सनस्क्रीन, ढगाळ दिवशीही, हेच मोठं काम आहे. उपचार त्वचारोगतज्ज्ञ करतील. बांबोळीच्या गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) त्वचारोग विभाग आहे, खर्चाच्या भीतीनं थांबू नका.

22. मला आंब्याच्या चिकानं ओठाला उततं. मानकुरादचा गर लावू का? आणि काजू वाटून?

दोन्ही नको. आंबा, काजू आणि बिब्बा एकाच कुळातले. आंब्याच्या चिकात आणि सालीत जी दाहक द्रव्यं असतात, त्यांचीच भावंडं काजूबीच्या टरफलातल्या तेलात असतात. काजूच्या बिया भाजणाऱ्या, सोलणाऱ्या बायांची बोटं पाहिलीत तर ते तेल काय करतं हे सांगावं लागत नाही. एकानं त्रास होतो त्याला दुसऱ्यानंही होऊ शकतो. मार्च ते मे बागायतीत काम करणाऱ्यांनी तर हात साबणानं दोनदा धुतल्याशिवाय चेहऱ्याला कोणताही लेप लावू नये, बोटांवरचं तेल गालावर जातं. ज्यांना आंब्याचा काही त्रास नाही त्यांनी गर लावला तर बिघडत नाही, पण मानकुराद खाण्यात जो आनंद आहे तो लावण्यात नाही.

23. डॉक्टरांचं क्रीम चालू आहे. मैत्रिणीनं दिलेलं एक क्रीमही लावते, त्यानं चेहरा छान झाला होता, पण सोडलं की लाल होतो. मध्ये लेप लावू का?

मुरमांसाठी ट्रेटिनॉइन, ॲडापलीन, बेंझॉइल पेरॉक्साइड असं काही चालू असेल तर त्वचा आधीच सोलत असते. त्यावर दही, पपई, मुलतानी माती नको. ओट्सही डॉक्टरांना विचारून.

मैत्रिणीच्या क्रीमची ट्यूब घ्या आणि मागची बारीक अक्षरं वाचा. बीटामेथासोन, मोमेटासोन, क्लोबेटासॉल यांतलं एखादं नाव दिसलं तर ते स्टेरॉइड आहे. आठवड्याभरात चेहरा नितळ दिसतो, म्हणूनच ते हातोहात फिरतं. पुढे कातडी पातळ होते, लाल शिरा दिसू लागतात, मुरमं आणि लव येते, आणि थांबवलं की आग होते. अनेक स्टेरॉइड मलमं केंद्र सरकारनं 2018 मध्ये चिठ्ठीशिवाय न विकण्याच्या यादीत घातली, तरी ती घराघरांत पोचतात. माझ्याकडे येणाऱ्या बिघडलेल्या चेहऱ्यांत लेपानं बिघडलेले थोडे आणि या ट्यूबांनी बिघडलेले पुष्कळ असतात.

अशा चेहऱ्याला कोणताही लेप लावू नका. क्रीम स्वतःहून एका दिवसात तोडूही नका. तीच ट्यूब पिशवीत घाला, किती महिने लावलीत ते कागदावर लिहा, आणि दोन्ही घेऊन याच आठवड्यात त्वचेच्या डॉक्टरांकडे जा.